नवख्या लेन्सधारकांशी चार गोष्टी

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने या वेळी मला आधीच बजावले होते, "डॉक्टर, मोतीबिंदू नको आणि काचबिंदूही नको. तरुण मंडळी वाचतील असे काही तरी द्या." तरुण मंडळी माझ्या दवाखान्यात एरवी क्वचितच दिसतात. त्यांची गर्दी होते ती वर्षातून एकदा. पितृपक्ष लागला, की बडोद्यातल्या शिंप्यांकडे चणियाचोळ्यांची आणि माझ्याकडे कॉन्टॅक्ट लेन्सची मागणी एकाच वेळी सुरू होते. घरी मंगळागौरीची झिम्मा-फुगडी आणि मैदानावर गरबा, अशा दोन्ही तालांत वाढलेल्या आपल्या मराठी मुलीही त्या रांगेत असतात. गिरकी घेताना घामाने चष्मा नाकावरून घसरतो, काढून ठेवावा तर समोरची मैत्रीण ओळखू येत नाही, ही त्यांची अडचण खरी आहे. तेव्हा लेन्सची हौस ही निव्वळ नटण्याची हौस आहे, असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांशी मी सहमत नाही.

शब्दकोशात या वस्तूला 'स्पर्शभिंग' असा सुरेख शब्द आहे. परंतु कोणी "स्पर्शभिंगे द्या" म्हणत दारात उभे राहिले, तर क्षणभर मलाच विचारात पडावे लागेल. म्हणून या लेखात 'लेन्स' हाच शब्द वापरतो.

प्रारंभी एक जुनी हकीकत सांगितली पाहिजे. ती सांगताना मला संकोच वाटतो, कारण तिच्यातील चुकीचा मोठा वाटा माझा आहे.

२००९ सालची नवरात्र. घटस्थापनेला तीन दिवस उरले होते. आपल्याच समाजातील एक मुलगी आईबरोबर आली. महाविद्यालयाचे पहिले वर्ष, चष्म्याचा नंबर दोन्ही डोळ्यांना उणे साडेपाच. त्या संध्याकाळी बाहेर पंचवीस-तीस माणसे खोळंबली होती. मी तिचे डोळे तपासले, लेन्स बसवून पाहिली, महिनाभर वापरायच्या मऊ लेन्सची जोडी दिली आणि लावण्या-काढण्याचे शिक्षण मदतनिसावर सोपवले. निघताना ती दारातून वळून म्हणाली, "काका, अजून काही लक्षात ठेवायचे आहे का?" मी पुढच्या रुग्णाचा कागद हातात घेत म्हणालो, "झोपताना काढायच्या. बाकी पेटीवर लिहिलेले आहे." तिच्या नोंदीत मी 'सूचना दिल्या' असे दोन शब्द लिहिले. ते पान मी आजही जपून ठेवले आहे.

पुढचे सर्व मला तिच्या आईकडून कळले. पहिले सहा दिवस निर्विघ्न गेले. मैदानावरचे ध्वनिक्षेपक रात्री बारा वाजता थांबत. मग मैत्रिणींबरोबर खाणेपिणे आणि घरी यायला दोन. सातव्या आणि आठव्या रात्री ती लेन्स न काढताच झोपली. सकाळी डोळे चिकटले होते, लेन्स निघेना, तेव्हा तिने डोळ्यांवर पाण्याचे हबके मारले, लेन्स काढल्या, नळाखाली धरून स्वच्छ धुतल्या आणि डबीत ठेवल्या. डबीतले द्रावण पहिल्या दिवसापासून तेच होते. कमी झाले की ती वरून थोडे घालत असे. नवमीला उजवा डोळा लाल झाला. घराजवळच्या औषधांच्या दुकानातून थेंब आणले. त्या थेंबांत प्रतिजैविकाबरोबर स्टिरॉइड होते. लाली उतरली, दुखणेही थोडे कमी झाले, म्हणून घरातल्यांनी निश्वास टाकला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ती माझ्यासमोर बसली, तेव्हा तिच्या बुबुळावर चार मिलिमीटर व्यासाची पांढरी जखम होती आणि तिच्याखाली पू साचला होता.

जखमेतून खरवडून काढलेल्या नमुन्यात स्यूडोमोनास नावाचा जिवाणू वाढला. मऊ लेन्स वापरणाऱ्यांच्या डोळ्याचा हा पुराणा वैरी. एकदा शिरकाव झाला, की एक-दोन दिवसांत बुबुळ वितळवण्याची त्याची ताकद असते. दर अर्ध्या तासाने थेंब घालायचे होते, दिवसा आणि रात्रीही. तिची आई तीन रात्री गजर लावून उशाशी बसली. डोळा वाचला. परंतु बाहुलीच्या कडेला फूल पडले आणि बुबुळाची गोलाई बिघडली. चष्मा लावूनही त्या डोळ्याने तिला तक्त्यावरच्या वरच्या तीनच ओळी वाचता येत असत.

पेटीवर लिहिलेले होते, हे खरे. इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. तेव्हापासून माझ्या दवाखान्यात नव्या लेन्सधारकासाठी अर्धा तास राखून ठेवलेला असतो. नवरात्रीच्या आठवड्यात नवी लेन्स मी कोणालाही देत नाही, कितीही ओळखीचे घर असले तरी. त्या अर्ध्या तासात मी जे सांगतो, तेच येथे थोडे विस्ताराने मांडत आहे.

बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा असतो. तो पारदर्शक राहावा म्हणून निसर्गाने त्यात रक्तवाहिन्या ठेवल्याच नाहीत. मग त्याला प्राणवायू मिळतो कोठून? मुख्यत्वे थेट हवेतून, अश्रूंच्या पातळ थरात विरघळून. शरीरातील इतर भाग रक्तातून श्वास घेतात, कॉर्निया उघड्या हवेत श्वास घेतो. रात्री पापण्या मिटल्या की हा पुरवठा बराच कमी होतो, आणि निरोगी माणसाचाही कॉर्निया पहाटेपर्यंत किंचित सुजतो. त्या मिटलेल्या पापणीखाली आणखी एक लेन्स असेल, तर काय होईल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

लेन्सचा सारा इतिहास म्हणजे या प्राणवायूची वाट मोकळी करण्याचा इतिहास होय. १८८८ साली झुरिक येथे अडॉल्फ फिक या डॉक्टराने काचेची लेन्स डोळ्यावर बसवली. आधी सशांवर, मग स्वतःवर आणि नंतर काही रुग्णांवर. ती जाड काच डोळ्याचा पांढरा भागही झाकत असे आणि फार तर काही तास सहन होई. पुढे १९४०च्या दशकाच्या अखेरीस प्लॅस्टिकच्या, केवळ बुबुळावर बसणाऱ्या छोट्या कडक लेन्स आल्या. एम.एस.च्या अभ्यासकाळात मी स्वतः तशा वापरल्या आहेत. धुळीचा एक कण आत गेला की वर्गात सर्वांदेखत घळाघळा डोळे वाहत. आमचे एक गुरुजी म्हणत, की लेन्स वापरणारा विद्यार्थी कोणत्याही व्याख्यानाला गहिवरतो.

मऊ लेन्सची जन्मकथा मात्र एखाद्या कादंबरीत शोभावी अशी आहे. प्राग येथील रसायनशास्त्रज्ञ ऑटो विख्टर्ले आणि त्यांचे सहकारी ड्राहोस्लाव्ह लीम यांनी १९५०च्या दशकात पाणी शोषून मऊ होणारे एक प्लॅस्टिक तयार केले. राजकीय कारणांनी १९५८ साली विख्टर्ले यांना त्यांच्या शिक्षणसंस्थेतून काढण्यात आले. पुढे लेन्सच्या संशोधनाचा सरकारी आधारही संपला. तेव्हा १९६१ च्या नाताळात त्यांनी घरच्या टेबलावर मुलांचा 'मर्कुर' हा यांत्रिक जोडणीचा खेळ मांडला, त्याला सायकलीचा डायनॅमो जोडला, घंटेच्या ट्रान्सफॉर्मरवर तो फिरवला आणि फिरत्या साच्यांत पहिल्या चार मऊ लेन्स ओतल्या. पुढच्या काही महिन्यांत या घरगुती कारखान्यातून पत्नीच्या मदतीने त्यांनी हजारो लेन्स काढल्या. अधिकार अमेरिकन कंपन्यांकडे गेले, १९७१ साली तिकडे विक्रीची परवानगी मिळाली, आणि संशोधकाच्या पदरात त्यातले फारच थोडे पडले. आज सकाळी आरशासमोर उभी राहून बोटाच्या टोकावर लेन्स घेणारी मुलगी त्या खेळण्याची वारसदार आहे. १९९९ पासून सिलिकॉन मिसळलेल्या मऊ लेन्स बाजारात आल्या. त्यांतून कितीतरी पटींनी अधिक प्राणवायू जातो. यामुळे प्रश्न सुटला, असे आम्हा मंडळींनाही त्या वेळी वाटले होते.

तो सुटला नाही, हे आकडे सांगतात. १९८९ साली अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातून प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे आढळले, की मऊ लेन्स केवळ दिवसा वापरणाऱ्या दहा हजारांत वर्षाला सुमारे ४ जणांना बुबुळाचा जंतुसंसर्ग होतो, तर ती लावून झोपणाऱ्यांत सुमारे २१ जणांना. पुढे २००८ साली ऑस्ट्रेलियातील मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. नव्या, भरपूर प्राणवायू देणाऱ्या लेन्स लावून झोपणाऱ्यांत हे प्रमाण दहा हजारांत २५च्या आसपास होते. प्राणवायू वाढला, पण रात्रीचा धोका हटला नाही. मिटलेल्या पापणीखाली अश्रूंचा प्रवाह थांबतो, पापण्यांची उघडझाप थांबते आणि लेन्सला चिकटलेल्या जंतूंना आठ तास निवांत मिळतात. दुपारची डुलकी, आगगाडीतील पेंग, गरब्याहून परतल्यावर "पाच मिनिटे पडते" म्हणून टेकलेले डोके, हे सर्व झोपेतच मोडते. दहा हजारांत चार हा आकडा लहान आहे, हेही तितकेच खरे. नीट वापरली तर लेन्स सुरक्षित आहे, म्हणून तर मी ती देतो.

आता पाण्याविषयी. सयाजीराव महाराजांच्या काळात बांधलेल्या आजवा तलावाचे पाणी पिऊन वाढलेल्या आपल्या पिढ्यांना गावच्या पाण्याचा अभिमान आहे. त्यामुळे 'लेन्सला पाणी लावू नका' असे म्हटले, की समोरच्याचा चेहरा किंचित उतरतो. "काका, आमच्याकडे आर.ओ. आहे." "उकळून गार केलेले चालेल?" "निदान हात तरी पाण्याने धुवायचे ना?" हात अवश्य धुवावेत, साबणाने, आणि नंतर ते कोरडे पुसावेत. लोक नेमके पुसणे विसरतात. पिण्यास योग्य पाणी लेन्सला योग्य नसते, हे पचायला जड आहे. म्हणून कारण सांगतो.

मातीत, धुळीत, नळाच्या पाण्यात आणि पोहण्याच्या तलावात अकँथामिबा नावाचा एक सूक्ष्म जीव राहतो. आपण तो रोज गिळतो, त्याने चूळ भरतो, आणि बहुधा काही बिघडत नाही. परंतु लेन्सच्या आड अडकून तो बुबुळावर रेंगाळला, तर कॉर्नियात शिरतो. प्रतिकूल काळात तो स्वतःभोवती टणक कवच करून बसतो. पाण्यातल्या नेहमीच्या क्लोरीनला तो दाद देत नाही. त्याच्या संसर्गात वेदना भयंकर असतात, आणि उपचार आठवड्यांचे नव्हे, महिन्यांचे असतात. १९८० च्या दशकात अमेरिकेत मिठाच्या गोळ्या ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवून घरीच लेन्सचे द्रावण करण्याची पद्धत होती. त्या काटकसरीने अनेकांचे डोळे घेतले. ते पाणी तर बाटलीबंद आणि शुद्ध म्हणून विकत आणलेले होते. तेव्हा स्नानापूर्वी लेन्स काढावी, पोहताना लावू नये, गणपती विसर्जनाला नदी-तलावात उतरायचे असेल तर चष्मा लावून जावे. थुंकी लावून लेन्स ओली करणारे महाभागही मी पाहिले आहेत. त्यावर अधिक लिहीत नाही.

लेन्सचे द्रावण आणि साधे सलाइन यांतला फरक दुकानदारही कधी कधी विसरतो. सलाइनने लेन्स केवळ ओली राहते, जंतू मरत नाहीत. द्रावणाच्या बाटलीवर 'चोळण्याची गरज नाही' असे छापलेले असले, तरी लेन्स तळहातावर ठेवून बोटाच्या पेराने हलकेच चोळावी. डबीतले जुने द्रावण रोज ओतून द्यावे. शिळ्या वरणात ताजे मिसळले म्हणून ते ताजे होत नाही, हे घरोघरी ठाऊक आहे. २००६ साली एका मोठ्या परदेशी कंपनीला आपले द्रावण जगभरातून मागे घ्यावे लागले, कारण ते वापरणाऱ्यांच्या डोळ्यांत फ्युजेरियम या बुरशीचा उपद्रव झाला होता. त्या तपासातही डबीतले जुने द्रावण पुन्हा वापरण्याची सवय रुग्णांत अधिक आढळली. रिकामी डबी त्याच द्रावणाने विसळावी, पालथी घालून वाळू द्यावी आणि तीन महिन्यांनी टाकून द्यावी. शंभर-दीडशे रुपयांची डबी लोक वर्षानुवर्षे जपतात आणि हजारो रुपयांच्या लेन्स तिच्यात ठेवतात! ज्यांना परवडेल त्यांनी सरळ रोज टाकून द्यायच्या लेन्स घ्याव्यात. डबी नाही, द्रावण नाही, रात्रीचा आळस नाही. केवळ सणासमारंभाला लेन्स लावणाऱ्या मुलींना तर मी आता दुसरे काही सुचवतच नाही.

चष्म्याचा नंबर तोच लेन्सचा नंबर, हा आणखी एक समज. चष्म्याची काच डोळ्यापासून सुमारे बारा मिलिमीटर दूर असते, लेन्स डोळ्यावरच बसते. त्यामुळे मोठ्या नंबरांत फरक पडतो. उणे साडेपाचचा चष्मा लावणाऱ्याला लेन्स सव्वापाचची लागते, उणे दहा असेल तर साधारण नऊची. चारच्या आतील नंबरांना हा फरक नगण्य असतो. याशिवाय लेन्सची वक्रता आणि व्यास डोळ्याला जुळावा लागतो. घट्ट बसलेली लेन्स सुरुवातीला फार सुखकर वाटते, हलत नाही, टोचत नाही, आणि तीच बुबुळाचा श्वास कोंडते. मैत्रिणीच्या निळ्या-हिरव्या लेन्स 'एक दिवसापुरत्या' लावून पाहणे तर सर्वस्वी वर्ज्य समजावे. नंबर नसला तरी रंगीत लेन्स हे डोळ्याचे उपकरणच आहे, बांगड्यांसारखी अदलाबदल करण्याची वस्तू नव्हे.

लावण्या-काढण्याची भीती चार दिवसांत जाते. पहिल्या दिवशी घाम फुटतो, हे स्वाभाविक आहे. बेसिनवर उभे राहून शिकू नये. टेबलावर स्वच्छ कागद पसरून, आरसा ठेवून, बसून शिकावे. नेहमी उजव्या डोळ्यापासून सुरुवात करावी, म्हणजे अदलाबदल होत नाही. बोटाच्या टोकावर लेन्स ठेवून बाजूने पाहावी. कडा वाटीसारख्या सरळ वर आल्या असतील तर ती सुलट आहे, बशीसारख्या बाहेर पसरल्या असतील तर उलटी. उलटी लावल्याने अनर्थ होत नाही, ती फक्त टोचते आणि सरकते. नखे वाढवलेल्या मुलींना मी निवड करायला सांगतो, नखे किंवा लेन्स. "लेन्स डोळ्याच्या मागे गेली तर?" हा प्रश्न प्रत्येक आई विचारते. जात नाही. पापणीच्या आतला नाजूक पडदा वळून डोळ्याच्या पांढऱ्या भागाला जोडलेला असतो, तेथे वाट बंद आहे. लेन्स फार तर वरच्या पापणीखाली दडते. ओलाव्याचे थेंब घालून, खाली पाहत पापणी हलकेच चोळली की ती खाली येते. कोरडी, चिकटलेली लेन्स ओरबाडून मात्र कधीही काढू नये. आधी थेंब, मग पाच-दहा मिनिटे धीर.

पहिल्या दिवशी चार तास पुरेत, मग रोज तास-दोन तास वाढवावेत. काजळ-सुरमा लेन्स लावल्यावर घालावा आणि उतरवताना लेन्स आधी काढावी. पापणीच्या आतल्या कडेला काजळ भरण्याची आपली जुनी रीत लेन्सशी जमत नाही. फोडणीच्या वाफेने लेन्स डोळ्यात वितळते, ही अफवा मी तीस वर्षे ऐकतो आहे, तिच्यात तथ्य नाही. धुळवडीला मात्र लेन्स घरी ठेवावी. मऊ लेन्स रंग शोषून घेते आणि मग तासन्तास डोळ्याला पाजत राहते. आणि ज्याच्याजवळ चालू नंबरचा चष्मा नाही, त्याला मी लेन्स देत नाही. डोळा लाल झाल्यावरही "चष्मा नाही म्हणून लावली" असे सांगणारे बरेच भेटतात.

सर्वांनाच लेन्स मानवते असे नाही. मधुमेहींच्या बुबुळाची संवेदना मंदावलेली असू शकते, जखम झाली तरी वेळेवर कळत नाही. संगणकासमोर दिवसभर बसणाऱ्यांच्या पापण्या कमी मिटतात, त्यांचे डोळे लेन्सने अधिक कोरडे पडतात. डोळ्यांना सतत खाज येणाऱ्यांनी आधी ती खाज बरी करून घ्यावी. चाळिशीच्या उंबरठ्यावरील उणे नंबरवाल्यांना एक गंमत अनुभवाला येते. लेन्स लावली की दूरचे झकास दिसते आणि हातातली लग्नपत्रिका मात्र लांब धरावी लागते. चष्म्यामुळे दबून राहिलेली चाळिशी लेन्सने लवकर उघडी पडते.

आता माझ्या व्यवसायबंधूंना, विशेषतः कुटुंबवैद्यांना, एक विनंती. लाल डोळ्याचा तरुण रुग्ण आला किंवा रात्री त्याचा दूरध्वनी आला, तर पहिला प्रश्न 'लेन्स वापरतोस का?' हा असावा. उत्तर 'हो' असेल तर डोळे आल्याचे निदान लगेच करू नये. वेदना, उजेड सहन न होणे, अंधूक दिसणे, यांपैकी एक जरी असेल तरी तो बुबुळाचा संसर्ग आहे असे धरून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे. स्टिरॉइडमिश्रित थेंब देऊ नयेत. त्याने लाली जाते आणि रोग आत पसरतो. डोळ्यावर पट्टी बांधू नये, उबदार अंधार हेच त्या जंतूंना हवे असते. लेन्स काढायला सांगावी, पण फेकायला सांगू नये. लेन्स, डबी आणि द्रावणाची बाटली घेऊन या, असे सांगावे. डोळ्यातून मिळाला नाही तो जंतू पुष्कळदा डबीत सापडतो. निव्वळ शंकेने पाठवलेला रुग्ण निरोगी निघाला, म्हणून कोणा नेत्रतज्ज्ञाने तक्रार केल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

त्या मुलीचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. वर्षभर ती 'लेन्स' हा शब्दही ऐकून घेत नसे. परंतु वेड्यावाकड्या झालेल्या बुबुळावर चष्मा निरुपयोगी ठरतो, आणि प्राणवायू जाऊ देणारी कडक लेन्स बसवली, तर तिच्याखाली अश्रूंचा थर साचून ती वाकडी जागा भरून काढतो. हे तिला समजावण्यात माझे तीन महिने गेले. तिची आई म्हणाली, "डॉक्टर, पुन्हा तेच?" मी म्हणालो, "वहिनी, या वेळी शिकवायला मी स्वतः बसेन." चार दुपारी आम्ही बसलो. त्या लेन्सने तिला तक्त्यावरची खालून तिसरी ओळ वाचता येऊ लागली. आजही ती तशीच लेन्स वापरते. फूल जागेवरच आहे, उजेडात तिरपे पाहिले तर दिसते.

दोन वर्षांपूर्वी पितृपक्षात ती आपल्या भाचीला घेऊन आली. भाचीला गरब्यासाठी रोजच्या लेन्स हव्या होत्या. मी तपासणी आटोपून शिकवायला खुर्ची ओढली, तशी ती म्हणाली, "काका, तुम्ही बसा. मी शिकवते." तिने कागद पसरला, आरसा ठेवला, भाचीला हात धुवायला लावले, मग पुसायला लावले, आणि पुसलेले हात उलटेसुलटे करून तपासले. दुसऱ्या प्रयत्नात मुलीच्या बोटावरून लेन्स घसरली आणि जमिनीवर पडली. ती पटकन उचलून मुलगी बेसिनकडे वळली. मी तोंड उघडण्यापूर्वीच मावशीने तिचे मनगट धरले होते.

"टाक ती."

"अगं मावशी, कोरी आहे, आत्ता उघडली!"

"असू दे. दुसरी उघड."

तिसरी जोडी फोडल्यावर लेन्स जागेवर बसली. त्या दिवशी माझ्या पुढच्या दोन रुग्णांना बराच वेळ थांबावे लागले.